सीटी-एमआरआयचा डेटा मागून कसा घ्यावा

फिल्म खिडकीच्या काचेवर धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायचा. मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाचं दुसरं मत घ्यायचं असलं की गावोगावी हाच रस्ता. मनगटाचं हाड मोडलंय का, सरकलंय का, एवढं त्यातून कळतं. मेंदू, फुप्फुस किंवा यकृताचा प्रश्न असला की मात्र पलीकडून उत्तर येतं, ‘फोटोवरून सांगता येणार नाही.’ नातेवाइकांना ती टाळाटाळ वाटते. पण तज्ज्ञांचं बरोबर असतं.

सीटीच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो, हाउन्सफील्ड एककातला. हवा उणे १०००, पाणी ०, ताज्या रक्ताची गुठळी साधारण ६० ते ८०, आणि हाड कित्येक शेकड्यांत. एवढी लांब पट्टी डोळ्याला एका वेळी पेलत नाही, म्हणून तिचा एक तुकडा निवडून तो काळ्या-पांढऱ्या छटांमध्ये पसरवतात. या तुकड्याला विंडो म्हणतात. मेंदूसाठी नेहमीची विंडो ० ते ८० ची, म्हणजे ८० च्या वरचं सगळं सारखंच पांढरं. कवटीला आतून चिकटलेला रक्ताचा पातळ थर ७० च्या आसपास असला तर तो कवटीच्या पांढऱ्यात बेमालूम मिसळतो. विंडो रुंद केली की तोच थर सुटा दिसायला लागतो. छातीचं सीटी उणे १६० ते २४० अशा, मऊ भागांच्या विंडोत छापलं तर फुप्फुसं काळीकुट्ट येतात आणि कोविडमध्ये घरोघरी माहीत झालेले ग्राउंड-ग्लास, म्हणजे धुरकट काचेसारखे डाग त्या काळ्यात बुडून जातात.

फिल्मवर ही विंडो छापतानाच गोठलेली असते. शिवाय १४ बाय १७ इंचांच्या एका फिल्मवर वीस-तीस चौकटी मावतात, आणि छातीच्या सीटीत १ मिमी जाडीच्या तीनशे-चारशे स्लाइस, म्हणजे शरीराच्या आडव्या कापांची चित्रं, सहज असतात. म्हणजे फिल्म ही कुणीतरी केलेली निवड. तिचा मोबाइलने काढलेला फोटो म्हणजे त्या निवडीची कॉपी, वर फ्लॅशची चमक आणि व्हॉट्सॲपची काटछाट.

म्हणून मागायचं ते डायकॉम. रुग्णालयीन चित्रांचं हे मानक या नावाने १९९३ पासून आहे, आणि कोणत्याही कंपनीचं मशीन असो, चित्रं याच स्वरूपात बाहेर पडतात. एका फाइलमध्ये दोन गोष्टी असतात. एक चित्राचे आकडे, दुसरा हेडर. हेडरमध्ये रुग्णाचं नाव, तारीख, स्लाइसची जाडी, एका ठिपक्याचा मिलिमीटरमधला आकार असं सगळं नोंदलेलं असतं. सीटीची एक स्लाइस ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची, दर ठिपक्याला २ बाइट, म्हणजे जेमतेम अर्धा एमबी. चारशे स्लाइस धरल्या तरी २०० एमबी. आजच्या मानाने हे काहीच नाही, त्यामुळे ‘फाइल फार मोठी आहे’ ही काउंटरवरची सबब फारशी टिकत नाही.

काउंटरवर नुसतं ‘सीडी द्या’ म्हणू नका. ‘पूर्ण डायकॉम डेटा, पातळ स्लाइससकट’ असं म्हणा, आणि तेही स्कॅनच्याच दिवशी. अनेक ठिकाणी ५ मिमी जाडीच्या स्लाइस तेवढ्या साठवून ठेवतात. १ मिमीवाल्या मशीनच्या कन्सोलवर, म्हणजे ते चालवणाऱ्या संगणकावर, काही दिवस राहतात आणि जागा भरली की पुसल्या जातात. शस्त्रक्रियेचं नियोजन किंवा थ्रीडी चित्र हवं असेल तर जाड स्लाइसचा उपयोग नाही. एकदा पुसल्यावर मग पुन्हा स्कॅन, पुन्हा खर्च आणि पुन्हा किरणोत्सर्ग. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यावीत, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे. हे वाक्य शांतपणे उच्चारलं की बऱ्याचदा काम होतं.

आता सीडी हातात आली आणि लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, हे घराघरातलं दृश्य. ड्राइव्ह असलेला संगणक गाठून सीडीतलं *सगळं* एका फोल्डरमध्ये कॉपी करा. इथेच गफलत होते. सीडीत ‘डायकॉमडिर’ नावाची एक फाइल दिसते, लोक तीच उचलून मेल करतात. ती फक्त अनुक्रमणिका असते, चित्रं तिच्यात नसतात. खरी चित्रं आतल्या फोल्डरांमध्ये, पुढे कसलंही एक्स्टेन्शन नसलेल्या विचित्र नावांच्या फाइलींत असतात. कचरा समजून त्या पुसू नका, नावंही बदलू नका. सीडीवरचा आपोआप उघडणारा व्ह्यूअर, म्हणजे चित्रं दाखवणारा प्रोग्राम, सहसा फक्त विंडोजवर चालतो. मॅकवर होरॉस, आणि कुठल्याही संगणकावर वीसिस हे फुकट मिळणारे व्ह्यूअर तोच फोल्डर उघडतात. उघडल्यावर चित्रं काळी दिसली तर डेटा खराब झाला असं लगेच समजू नका. कधी विंडो चुकलेली असते, कधी फाइल जेपेग २००० या पद्धतीने दाबून लहान केलेली असते आणि जुन्या व्ह्यूअरला ती उलगडता येत नाही. दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडून बघा.

पाठवताना अख्ख्या फोल्डरची झिप करा, तिला पासवर्ड द्या, आणि पासवर्ड वेगळ्या मार्गाने, म्हणजे फोनवर सांगा. ही झिप व्हॉट्सॲपनेही जाते, २ जीबीपर्यंत, फक्त ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायची. गूगल ड्राइव्हवर ठेवली तर ‘लिंक असलेला कोणीही’ ही सोय बंद ठेवून डॉक्टरांचा ईमेल पत्ता घाला. सोबत रिपोर्टची पीडीएफ आणि दोन ओळींत प्रश्न. प्रश्नाशिवाय आलेल्या चारशे स्लाइस कुणी मन लावून बघेल ही आशा धरू नये.

हल्ली सेंटरकडून एसएमएसवर लिंक येते. लिंक उघडून चित्रावर माउस दाबून ओढा. उजेड-अंधार बदलताना हाडं आणि मऊ भाग वेगवेगळे उलगडत गेले तर मागे खरा डेटा आहे. सगळं चित्र एकसारखं उजळ किंवा मळकट होत असेल तर ते नुसतं जेपेग, म्हणजे साधा फोटो. लिंकची मुदतही विचारून घ्या आणि ती संपायच्या आत डाउनलोड करा. आभा या सरकारी आरोग्य खात्याच्या क्रमांकाला जोडलेल्या नोंदीत रिपोर्टची पीडीएफ दिसली, म्हणजे स्लाइसही आल्या असं धरून चालू नका.

एक्स-रेबद्दल एवढंच की सांधा बदलायचा असेल तर जेपेगमध्ये मिलिमीटरचं माप उरत नाही. डायकॉम घेतलं तरी हाड फिल्मपासून दूर असल्याने प्रतिमा थोडी मोठी येते, म्हणून काढतानाच हाडाच्या पातळीवर २५ मिमीची धातूची गोळी ठेवायला सांगतात. सोनोग्राफीची चित्रं पाठवून फारसं साधत नाही. तिथे प्रोब ज्याच्या हातात, त्यालाच खरं दिसतं.

छोट्या रुग्णालयांनी आपसात थेट चित्रं पाठवायची तर दोन्हीकडे तीन गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात: आयपी पत्ता, पोर्ट (सहसा १०४ किंवा ११११२) आणि एई टायटल, म्हणजे डायकॉम जोडणीत त्या मशीनला दिलेलं नाव. एई टायटल जास्तीत जास्त १६ अक्षरांचं, आणि त्यात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जातो. निम्मी भांडणं याच फरकावरून होतात. आधी सी-इको हा चाचणीचा संदेश पाठवून पलीकडून उत्तर येतंय का बघावं, मगच स्कॅनची चित्रं पाठवावीत. ऑर्थँक हा फुकट सर्व्हर या कामाला उत्तम आहे, पण तो बसवून पहिला पासवर्ड तसाच ठेवणं आणि राउटरवर पोर्ट उघडं टाकणं हा शुद्ध निष्काळजीपणा. साध्या डायकॉम जोडणीत चित्रं आणि नावं दोन्ही उघडीच प्रवास करतात, त्यामुळे मध्ये व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणी, हवंच. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभरचे असे उघडे सर्व्हर मोजले. त्यानंतरच्या अहवालात भारतातल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता.

नाव पुसण्याचाही अतिरेक होतो. परिषदेत किंवा ग्रुपवर दाखवायचं चित्र असेल तर हेडरमधलं नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, सेंटरचं नाव काढा, फोल्डरच्या नावातलंही काढा. सोनोग्राफीत तर नाव चित्रातच छापलेलं असतं, तिथे कातरच लावावी लागते. डोक्याच्या पातळ स्लाइस जोडून चेहरासुद्धा उभा करता येतो, हे लक्षात असू द्या. पण उपचारासाठी पाठवताना नाव मुळीच काढू नका. पलीकडच्या पॅक्समध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या चित्रसाठ्यात, आधीच चार ‘अनॉनिमस’ पडलेले असतात, आणि त्यातला तुमचा पेशंट कोणता हे रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या रेसिडेंटला कोण सांगणार?