बापाचे बूट घालून हिंगण्याला

पोरांना ज्या वर्कशॉपची भेट घडवायची होती, तिथल्या मालकांनी फोनवर एकच अट घातली होती: सेफ्टी शूज नसतील तर गेटच्या आत कुणी येणार नाही. आमच्या आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक ट्रेडला पोरं २१, आणि असे बूट होते फक्त चौघांकडे. मी वर्गात सांगितलं, उसने आणा, पण आणा. शुक्रवारी पहाटे चंद्रपूरच्या स्टँडवर पाहते तर सगळ्यांच्या पायांत बूट! कुणी काकांचे, कुणी शेजाऱ्याचे. एक मुलगा वडिलांचे घालून आला होता. वडील कोळसा खाणीत डंपर चालवतात, त्या दिवशी त्यांची सुटी होती म्हणून बूट मोकळे. दोन नंबर मोठे होते, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं, आणि शिवणीत कोळशाची काळी रेघ.

शिकवायला माझ्याकडे ट्रकचा कापलेला गिअरबॉक्स आहे. त्यात क्लच, मेनशाफ्ट, लेशाफ्ट सगळं दिसतं. पण आमच्याकडच्या पोरांना काम मिळतं ते डंपर, डोझर आणि लोडरवर. त्यांच्यातला टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या जोरावर ताकद पुढे नेणारा भाग), प्लॅनेटरी गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअर्सचा संच), फायनल ड्राइव्ह (चाकापाशी वेग शेवटचा कमी करून जोर वाढवणारा भाग) मी वर्षानुवर्षं खडूने फळ्यावर काढत आले. पोरं सूत्र पाठ करतात, परीक्षेत लिहितात, पास होतात. मला ते पुरेसं वाटत नाही. म्हणून पत्रं पाठवत राहिले. दोन ठिकाणांहून नकार आला, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतून होकार आला. हे लोक इंजिनाला हात लावत नाहीत. इंजिनामागून चाकापर्यंत ताकद नेणारं जे जे असतं, तेवढंच दुरुस्त करतात.

तिथल्या मिस्त्रीकाकांनी पोरांना हातात पाना घेऊच दिला नाही. दोन ट्रे पुढे ठेवले. एकात नवं तेल, दुसऱ्यात त्याच सकाळी उघडलेल्या ट्रान्समिशनचं, म्हणजे गिअरबॉक्सचं. म्हणाले, "पोट्टेहो, पयले नाकानं पाहा." सगळे वाकून वास घ्यायला लागले. वरोऱ्याची मुलगी म्हणाली, "काका, कढईतलं तेल जळल्यावाणी येऊन राहिलं." काका खूश झाले. "क्लच प्लेट जळली. अजून आतलं काही पाहिलं नाही, तरी तुला समजलं." मग ड्रेन प्लगचं, म्हणजे तेल काढायच्या बुचाचं, मॅग्नेट दाखवलं. त्यावर राखाडी मलईसारखा थर असेल तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारा तुकडा असेल तर आत काहीतरी तुटलंय. पितळ मॅग्नेटला चिकटत नाही, म्हणून फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहायच्या. मी इतकी वर्षं हा भाग 'देखभाल' या धड्यात दहा मिनिटांत संपवत होते. यापुढे त्याला पूर्ण दिवस देणार आहे.

त्याच ट्रान्समिशनच्या प्लेट्स टेबलावर क्रमाने मांडल्या होत्या: एक फ्रिक्शनची (घर्षणाने पकड घेणारी), एक स्टीलची, पुन्हा फ्रिक्शनची. स्टीलच्या प्लेट्सवर निळे-काळे डाग, बेअरिंगचे रोलरही निळे. काकांनी विचारलं, "कशानं झालं असंन?" पोरांनी सांगितलं: तेल कमी, ओव्हरलोड, चुकीचा गिअर. काका नकारार्थी मान हलवत राहिले. खरं कारण मग त्यांनीच सांगितलं. मशिन बंद पडलं होतं आणि कुणीतरी ते तसंच दोरखंड लावून वर्कशॉपपर्यंत ओढत नेलं होतं. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे वंगण बंद. पण चाकं रस्त्यावर फिरत असतात, ती प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) फिरवतात, आणि शाफ्ट आतलं सगळं कोरडं फिरवतो. मूळ बिघाड लहान होता, गिअरबॉक्स मेला तो ओढण्यात. ओढण्याआधी शाफ्ट काढला असता तर वाचला असता. वडिलांचे बूट घातलेला मुलगा त्या प्लेट्सपाशी बराच वेळ उभा राहिला.

टॉर्क कन्व्हर्टरचा कापलेला नमुना त्यांच्याकडे होता. इंजिन पंख फिरवतं, पंख तेल फेकतात, समोरचे पंख त्या तेलाने फिरतात, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा बदलतो म्हणून जोर वाढतो. जर्मनीच्या हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी पेटंट घेतलेली ही कल्पना आज आमच्या खाणीतला डंपर चढावर सुरू करते, हे सांगताना मला दरवेळी आनंद होतो.

फायनल ड्राइव्हपाशी मात्र मी वेळेचं भान विसरले. चाकाच्या हबमधला प्लॅनेटरी संच तिथे उघडाच होता. मी पोरांना खडू देऊन दात मोजायला लावले. बाहेरच्या रिंगला ७२, मधल्या सन गिअरला २४. रिंग जागेवर पक्की, सन फिरवायचा आणि दोन्हींमधले छोटे गिअर धरणारा कॅरिअर चाकाला जोडलेला. सूत्राप्रमाणे ७२ भागिले २४ म्हणजे ३, त्यात १ मिळवला की ४. सगळ्यांना तोंडपाठ. मग एका मुलाने हाताने सन गिअर फिरवला, बाकीचे मोठ्याने मोजत होते. चौथ्या फेरीला कॅरिअरवरची खडूची खूण बरोबर वर आली, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या बाकावरच्याने, जो वर्गात कधी तोंड उघडत नाही, त्याने विचारलं, "मॅडम, हे चाकातच काहून ठेवलं? मधीच का नाही?" जोर शेवटी चाकापाशी वाढवला की अलीकडचे शाफ्ट आणि डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) हलके ठेवता येतात. हे उत्तर मी पूर्वी सांगितलं होतं. प्रश्न मात्र पहिल्यांदा विचारला गेला.

क्राउन-पिनियनची, म्हणजे शाफ्टची ताकद काटकोनात चाकांकडे वळवणाऱ्या दोन गिअर्सची, जोडी बदलायची तर दोन्ही एकत्रच, कारण ती एकमेकांवर घासून जुळवलेली असते. दातांना निळा रंग लावून खूण पाहायची, डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजायचा, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमीजास्त करायच्या. असेंब्लीच्या खोलीत कॉटन वेस्ट (पुसायचा सुताचा गुंता) न्यायला बंदी, एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी प्रेशर जातं. फ्लोटिंग सीलच्या (तेल बाहेर आणि माती आत जाऊ न देणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) आरशासारख्या तोंडावर बोट लावू नका, एवढं काकांनी तीनदा बजावलं.

परतताना जाम चौरस्त्यावर गाडी चहासाठी थांबली. बुटांचा मुलगा टपरीमागे उभा राहून वडिलांशी फोनवर बोलत होता. "बाबा, डंपर बंद पडला तं तुम्ही ओढता कसा?" पलीकडून उत्तर लांबत गेलं. त्याने खिशातून वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि लिहायला लागला. मधेच म्हणाला, "थांबा बाबा, शाफ्ट कोणत्या टोकाकून खोलता ते पुन्हा सांगा." कंडक्टरने दोनदा बेल मारली. मी त्यांना हाताने थांबायची खूण केली.

गाडीत माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले बाबा?

"पहिले शाफ्ट काढतात, मंगच ओढतात म्हणाले. आणि बूट नीट पुसून ठेवजो म्हणाले, सकाळची पाळी आहे."

बुटांवर हिंगण्याचं गिअर ऑइल होतं. तो वहीच्या मागच्या पानाने ते पुसत होता.