आमची वाटचाल : लष्करमधलं बंदूक दुरुस्तीचं दुकान आणि भाऊसाहेबांची सिंगल शॉट

आमचं दुकान ग्वाल्हेरात लष्कर ह्या भागात आजोबांनी काढलं. त्याआधी ते एका सरदारांच्या वाड्यावर शिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात होते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात गेलं, शिलेखाने हळूहळू बंद झाले, हातात कला होती म्हणून ते बाजारात येऊन बसले. मग बाबा, मग मी. मधली बरीच वर्षं चांगली गेली, १२ बोअरच्या छऱ्याच्या बंदुका आणि .३१५ रायफलींची कामं, निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा आणि सुटून आल्या की गंज काढायला आमच्याकडे गर्दी. ते काम ह्या धंद्यातले सगळेच करतात. मला लिहायचंय ते सिंगल शॉटबद्दल, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलबद्दल, कारण तिच्यामुळेच आमचं नाव झालं आणि तिच्यावरूनच आमच्या दुकानाला सील लागलं.

भाऊसाहेब आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आजोबा त्यांना वाड्यावर असल्यापासून ओळखायचे. त्यांची रायफल विलायती, हलकी, फॉलिंग ब्लॉक, म्हणजे फारक्वारसनच्या पद्धतीची. फारक्वारसनचं पेटंट १८७२ चं, आणि माझ्या मते त्याहून देखणी अ‍ॅक्शन नंतर कुणी केली नाही. चापाच्या खालचा लिव्हर ओढला की नळी मागून बंद करणारा ब्लॉक सरळ खाली उतरतो, झाडलेल्या काडतुसाचा खोका बाहेर येतो, नवीन काडतूस अंगठ्यानं आत सारायचं, लिव्हर वर, झालं. मॅगझिन नाही, बोल्टला मागेपुढे जायला जागा लागत नाही, त्यामुळे नळी तेवढीच लांब ठेवूनसुद्धा पूर्ण रायफल बोल्टवालीपेक्षा चारेक इंच आखूड बसते. काडतूस रिमवालं, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेलं, त्या रिमला खोका बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर पक्का धरतो. (आपल्या .३१५लाही रिम आहे, उघडून बघा म्हणजे कळेल.) आणि ब्लॉक खाली केला की मागून नळीतून आरपार दिसतं, साफ करायचा गज मागूनच घालता येतो. मार्टिनी ह्या दुसऱ्या जुन्या सिंगल शॉटमध्ये ते जमत नाही, तिथे तोंडाकडून साफ करावी लागते आणि निष्काळजी माणूस गज घासून घासून नळीचं तोंडच खराब करतो.

१९७२च्या आधी, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा आला त्याच्या आधी, भाऊसाहेब परमिट काढून शिवपुरीकडच्या जंगलात ह्याच रायफलवर चितळ आणि सांबर करायचे. ते सांगायचे की दिवसभर पायी फिरायचं, वारा तोंडावर ठेवायचा, शेवटचं अंतर कोपरांवर सरपटत जायचं, तिथे अर्धा किलोसुद्धा जाणवतो. आणि आत एकच गोळी आहे हे माहीत असलं की माणूस लांबून घाई करत नाही, अजून थोडं जवळ जातो, जनावर आडवं होईपर्यंत थांबतो. दुसरं काडतूस ते डाव्या हाताच्या बोटांमध्ये धरून ठेवायचे. कायदा आला त्या दिवसापासून त्यांनी जनावरावर बंदूक उचलली नाही, पण लाइसन्स ठेवलं, रायफल ठेवली, आणि वर्षातून एकदा रेंजवर चालवायची आणि मग आमच्याकडे साफ करायला आणायची हा नेम ठेवला.

तर एका पावसाळ्यानंतर ही रायफल नेमापेक्षा वर मारायला लागली. भाऊसाहेब तेव्हा आजारी होते, त्यांच्या घरच्या कुणीतरी ती बाजारातल्या दुसऱ्या एका दुकानात दाखवली. तो दुकानदार पूर्वी आमच्याचकडे कारागीर होता, बाबांनी त्याला कानस धरायला शिकवलं होतं. त्यानं एका नजरेत सांगून टाकलं की नळी गेली, आता भंगार आहे, द्यायची तर मी घेतो. नळीत गज न घालता! भाऊसाहेबांना कळल्यावर ते काठी टेकत आमच्याकडे आले आणि रायफल काउंटरवर ठेवून म्हणाले, "तू बघ रे बाळा, मग ठरवू."

मी बघितली. नळीच्या आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, आरशासारखे. काडतुसं मात्र अगदी मोजकी उरली होती आणि तो बोअर आता इथे मिळत नाही, म्हणजे गोळ्या झाडून झाडून दोष शोधायची सोय नव्हती. फॉलिंग ब्लॉकमध्ये लाकूड दोन तुकड्यांत असतं, मागे कुंदा आणि पुढे नळीखालचं लाकूड, आणि ह्या पुढच्या लाकडाचा नळीवर कुठे किती दाब आहे ह्यावर गोळी कुठे जाणार ते ठरतं. मी दिव्याची काजळी तेलात कालवून नळीच्या खालच्या बाजूला पातळ लावली, लाकूड बसवलं, स्क्रू कसला, परत सोडवलं. अक्रोडाच्या लाकडावर टोकाजवळ एकाच ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. बाकी कुठे काही नाही. पावसात लाकूड आतून फुगलं होतं आणि तेवढा एक उंचवटा नळीला वर ढकलत होता. अशा जागी कानस चालवायची नाही, पातळ पात्यानं खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा बसवायचं, ठिपका पसरून सारखा होईपर्यंत. आजोबा ह्याला चार दिवस द्यायचे.

ते काम अर्ध्यावर होतं, ब्लॉक, लिव्हर, स्प्रिंगा सगळं फडक्यावर मांडलेलं, आणि दुकानावर छापा आला. कुणीतरी निनावी अर्ज दिला होता की इथे कट्टे, म्हणजे बेकायदा गावठी बंदुका बनतात. चंबळच्या भागात कट्टा म्हटलं की पुढे कुणी ऐकत नाही. एक नळी, मॅगझिन नाही, सुटे भाग, झिजलेला नंबर, त्यांना तेवढं पुरलं. मी रजिस्टर उघडून दाखवलं, त्यात भाऊसाहेबांचा लाइसन्स नंबर, रायफलचा नंबर, आणल्याची तारीख, काय काम करायचं ते सगळं लिहिलेलं, सही आहे. तरी सील लागलं. अर्ज कुणी दिला होता हे मला आजपर्यंत अधिकृतपणे सांगितलेलं नाही, पण त्याच आठवड्यात आमची गिऱ्हाइकं कुठल्या दुकानात वळवली जात होती हे सगळ्या बाजारानं पाहिलं. माझा एक कारागीरसुद्धा तिकडेच गेला. बायकोचे दागिने गहाण पडले. ऑफिसात गेलं की साहेब नाहीत, साहेब असले की फाइल नाही. आणि ती रायफल आत उघडी पडलेली, अख्खा पावसाळा.

प्रत्येक तारखेला भाऊसाहेब आले. वय ऐंशीच्या पुढे, लाइसन्स प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, बाहेरच्या बाकावर बसून राहायचे आणि प्रत्येकाला सांगायचे की हत्यार माझं आहे, ह्या मुलाच्या आजोबांनी हे सांभाळलंय. शेवटी तपासणी झाली, तज्ज्ञानं लिहून दिलं की हे विलायती कारखान्याचं, लाइसन्सवर चढलेलं हत्यार आहे, आणि सील निघालं. मला कुणी सॉरी म्हटलं नाही. स्प्रिंगांवरचा गंज काढायला लागलेल्या वेळाचे पैसे मी भाऊसाहेबांकडून घेतले नाहीत. काम पुरं करून रेंजवर नेली, आणि उरलेल्यातली काडतुसं वापरून टाकलेल्या गोळ्या एका पोस्टकार्डात मावतील अशा बसल्या. ते कार्ड दुकानात काचेखाली आहे, आणि नळी गेली म्हणणाऱ्यानं ते येऊन बघावं.

त्यानंतर दुरून दुरून जुन्या सिंगल शॉट यायला लागल्या. भाऊसाहेबांचा पुतण्या स्कॉटलंडमध्ये असतो, तिथे तो डोंगरात लाल हरणाच्या शिकारीला, पायी माग काढत जातो. त्याला काकांची रायफल हवी होती, पण तिथे तेव्हा लाल हरणासाठी गोळीचं वजन कमीत कमी १०० ग्रेन (२०२३ पासून ८०), वेग सेकंदाला २४५० फूट आणि ताकद १७५० फूट-पौंड असा कायदा होता, काकांच्या जुन्या काडतुसाला ते झेपत नाही. त्यानं फोन केला तेव्हा मी सांगितलं की ऑस्ट्रियन पद्धतीची, मधून मोडणारी नवीन सिंगल शॉट घे, अडीच किलोच्या आसपासच्या मिळतात. पण एवढ्या हलक्या रायफलमध्ये मोठा बोअर घेऊ नकोस, .३०-०६ खांदा सुजवते आणि माणूस धक्क्याला घाबरून चाप झटकायला लागतो. त्याहून लहान .२४३ मध्ये १०० ग्रेनची गोळी घे, कायद्यातही बसते. हलकी रायफल हातात डोलते, म्हणून काठीचा टेकू हवाच. नळी पातळ असते, पहिल्या थंड गोळीवरच झिरो कर, म्हणजे नेम जुळवून घे, गरम नळीवर केलेला झिरो डोंगरात उपयोगाचा नाही. त्यानं ऐकलं, आणि आता तिथल्या मित्रांचे प्रश्नसुद्धा मलाच पाठवतो.

ज्यांच्याकडे अशी जुनी रायफल आहे त्यांनी पावसाळ्याआधी पुढचं लाकूड काढून आतल्या बाजूला अळशीच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. बाहेरून सगळे चमकवतात, आत कोरडं सोडतात आणि पाणी तिथूनच शिरतं. चामड्याच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका, चामडं ओल धरतं. रिकामा चाप ओढत बसू नका, फायरिंग पिन तुटली तर ती हातानं करून द्यावी लागते आणि वेळ लागतो. दुरुस्तीला आणताना ओरिजिनल लाइसन्स आणा, झेरॉक्सवर मी हत्यार घेत नाही, आणि रजिस्टरवर सही केल्याशिवाय तुम्हाला दुकानातून जाऊ देत नाही.