पवन मावळात सायकल: किलोमीटर नंतर, आधी चढ मोजा

कामशेतला जुना मुंबई-पुणे रस्ता सोडून पवनानगरकडे वळलं की डावी-उजवीकडे भातखाचरं लागतात. बेडसे लेण्यांचा डोंगर मागे पडला की थोड्या वेळाने तिकोना किल्ला डोकं वर काढतो. पुण्यातून निघून न्याहारीच्या वेळेला इथे पोचता येतं. गाडीच्या कॅरिअरवर सायकली बांधून दोन रात्री पवना धरणाच्या काठी राहायचं आणि रोज सकाळी एक मध्यम राइड करायची, अशा सुट्टीसाठी पुण्याजवळ याहून चांगला भाग आम्हाला सापडलेला नाही. सायकल चालवतच येणार असाल तर जुन्या महामार्गानेच या, एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे.

इथले बहुतेक बेत किलोमीटरच्या हिशेबावर फसतात. नदीकाठच्या सपाट रस्त्यावर पन्नास किलोमीटर सहज जमणारा माणूस इथे पंचविसात थकतो. चूक तब्येतीची नसते, आखणीची असते. आमचा हिशेब असा: डांबर आणि कच्चा रस्ता मिळून ताशी 12 किलोमीटरचा वेग धरायचा, प्रत्येक 100 मीटर चढाला दहा मिनिटं वाढवायची, शिवाय चाळीस मिनिटं पाणी, पंक्चर आणि देखाव्यासाठी. 30 किलोमीटर आणि 500 मीटर चढ म्हणजे चार तास. मध्यम राइड म्हणजे एवढीच, त्यावर जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सातला निघालं की उन्हाचा कडाका वाढायच्या आत परत येता येतं.

चढ आधी कागदावर पाहायचा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या 20 मीटरच्या अंतराने असतात. रस्ता दोन सेंटीमीटरमध्ये अशा पाच रेषा ओलांडत असेल तर किलोमीटरला 100 मीटर, म्हणजे दहा टक्के चढ. पुढे 32 दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) आणि मागे 42 दातांचा मोठा गिअर असेल तर सहा टक्क्यांपर्यंत बोलत-बोलत जाता येतं. दहा टक्के अर्धा किलोमीटरहून जास्त टिकले तर उतरून सायकल ढकला. त्यात कमीपणा काही नाही, गुडघे मात्र वाचतात. नकाशा मोबाइलवर ऑफलाइन उतरवून ठेवा, खिंडीआड रेंजचा भरवसा नाही.

पहिल्या दिवशी पवनानगर ते तिकोना पेठ आणि परत, एवढंच. हात, गिअर आणि ब्रेक एकमेकांना ओळखू लागतात, आणि जलाशयाच्या काठाने जाणारे तुकडे आहेत तसे डोळ्यांखालून जातात. दुसरा दिवस दुधिवरे खिंडीचा. पवनानगरहून खिंडीत चढून लोहगडवाडीपर्यंत जायचं, चहा-पोहे घ्यायचे, तसंच खाली यायचं. हा चढ छातीवर येतो, म्हणून त्या दिवशी दुसरं काहीच ठेवायचं नाही. सायकल लोहगडवाडीतच ठेवायची, वर लोहगडावर न्यायची नाही. हा संरक्षित किल्ला आहे, 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. तिसऱ्या दिवशी जवणच्या बाजूने तुंग किल्ल्याच्या पायथ्याकडे जावं. रस्ता वर-खाली हेलकावे घेत जातो, नकाशावर चढ थोडे दिसतात पण बेरीज मोठी होते. ठरलेल्या वेळेच्या निम्म्यावर जिथे असाल तिथून मागे वळा, तुंग आला नाही तरी.

शनिवार-रविवारी कॅम्पिंगच्या गाड्यांची रांग असते. सोमवार ते गुरुवार जमत असेल तर रस्ता जवळजवळ आपलाच.

खरी गंमत आणि खरी फजिती दोन्ही मुरुमात आहे. दिवाळीनंतर माती वाळते आणि कच्च्या वाटेवर बोटाच्या पेराएवढे सुटे खडे पसरतात. वळणावर पुढचा ब्रेक दाबला की चाक या खड्यांवरून सरळ घसरतं. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल कललेली नसतानाच लावायचा; वळताना बाहेरचा पाय खाली, नजर पुढच्या वाटेवर. टायरमधली हवाही महत्त्वाची. 70 किलो वजनाच्या माणसाने 2.25 इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे 28 आणि मागे 32 पीएसआय ठेवावी, ट्यूबलेसला (आत ट्यूब नसलेल्या टायरला) 22 आणि 25 पुरते. याहून कमी ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात.

एकच छिद्र असेल तर बाभळीचा काटा. बांधाकडेला छाटलेल्या फांद्या पसरलेल्या असतात, त्यांचे वाळलेले पांढरे काटे टायरमध्ये घुसतात आणि टोक आत मोडून राहतं. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून कापडाने पुसा. कापड जिथे अडकेल तिथे काटा असतो, तो चिमट्याने ओढा. हे न करता घाईने ट्यूब घातली की शंभर मीटरवर दुसरं पंक्चर. ट्यूबलेसवाल्यांनी प्रत्येक चाकात साधारण 100 मिलिलिटर सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) घालून निघावं, आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी भरलं असेल तर वाळलंय का बघावं. गावातल्या पंक्चरच्या दुकानात 29 इंची ट्यूब मिळेल असं धरू नका. व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, असेल तर पितळी अडॅप्टर जवळ असू द्या, म्हणजे कुठल्याही पंपावर हवा भरता येते.

सोबत दोन ट्यूब, पंप, चेन तोडायच्या टूलसह मल्टिटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि आपल्याच मॉडेलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. पावसाळ्यात हा शेवटचा भाग मोडतो: लाल चिकट माती मागच्या चाकाशी साचते, चेन अडकते, आपण जोर लावत राहतो आणि हँगर वाकतो. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये कच्ची वाट टाळा, डांबरच बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंद्रायणी भाताची कापणी चालू असते, तेव्हा खाचरांच्या बांधांवरून अजिबात जाऊ नका. तो बांध पाणी धरण्यासाठी घातलेला असतो, टायरने त्याची कड ढासळते.

तासाला निदान अर्धा लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. एक मोठं पाकीट लिटरभर पाण्यातच घाला, कमी पाण्यात कालवू नका. खिशात शेंगदाणे-गूळ.

दुधिवरेचा उतार हा ब्रेकची परीक्षा आहे. ब्रेक सतत धरून ठेवला की डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) तापते आणि लिव्हर मऊ पडतो. त्यापेक्षा वेग वाढला की दोन्ही ब्रेक जोरात दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. निघण्यापूर्वी पॅडवरचा थर एक मिलिमीटरहून कमी दिसला तर पॅड पुण्यातच बदला. आणि चेनला तेल घालताना डिस्कवर फडकं धरा. एक थेंब पडला तरी पॅड तेल शोषतात, पुढच्या उतारावर ब्रेक किंचाळतात आणि धरत नाहीत.