सायकलचा गंज: उजवा क्रँक मोकळा, रिम अर्धे, डावी कॉटर पिन बाकी

या फेरीत चेनव्हीलसकट (चेन फिरवणारी दातेरी चकती) उजवा क्रँक (पेडलचा दांडा), स्टँड, हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) एक्सल आणि नट-वॉशर सायट्रिक ॲसिडमधून काढले. प्रमाण एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. त्याआधी रॉकेल आणि ब्रशने जुने ग्रीस काढायचे, मग साबणाच्या पाण्याने धुवायचे. ही पायरी टाळली की गंजाचे ठिपके जिथल्या तिथे राहतात आणि दोष ॲसिडला दिला जातो. तेलकट थराखाली पाणी पोचतच नाही, इतके ते साधे आहे.

भाग पूर्ण बुडाला पाहिजे. अर्धवट बुडवला तर पाण्याच्या रेषेवर धातू खाल्ला जातो आणि तो व्रण पुसता येत नाही. दर तासाला बाहेर काढून ब्रश मारायचा. वर काळपट राखाडी साय येते, ती निघाली की खाली मळकट करडे लोखंड दिसते. चेनव्हीलच्या दातांच्या बुडाशी गंज सगळ्यात शेवटी सुटतो, तिथे जुना टूथब्रश बरा. सामान्य गंजाला तीन-चार तास पुरतात. रात्रभर विसरलेला भाग खडबडीत होतो.

बाहेर काढल्यावर खरी घाई. एक लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे, लगेच फडक्याने पुसून गरम हवेत वाळवायचे आणि कोमट असतानाच तेल लावायचे. उघडे लोखंड ओले राहिले तर काही मिनिटांत नारिंगी झाक धरते.

सीटच्या स्प्रिंगा आणि छर्रे ॲसिडमध्ये टाकू नयेत. कडक केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. स्प्रिंगांना तारेचा ब्रश, छर्रे सरळ नवे. कोनच्या (एक्सलवरच्या शंकूसारख्या नटच्या) धावपट्टीवर, म्हणजे छर्रे फिरतात त्या पृष्ठभागावर, नखाला खड्डा लागला तर तो कोनही बदलायचा. गंज गेला तरी खड्डा राहतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेले भागही या पाण्यात नकोत.

रिमवर क्रोम शाबूत आहे, म्हणून तिथे ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून, पाण्यात भिजवून घासतो आहोत. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. करडी पेस्ट होईल, ती पुसत राहायची. निपलभोवतालचा (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटभोवतालचा) भाग वेळखाऊ आहे. क्रोम जिथे पापुद्र्यासारखे उचलले गेले आहे तिथे जोर लावू नये, कड आणखी सुटते.

डाव्या कॉटर पिनवर, म्हणजे क्रँक आसावर पक्का धरणाऱ्या पाचरीवर, गंज सैल करणारे तेल सोडले आहे. नट काढून टाकायचा नाही. पिनच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवला की आटे वाचतात. पिनचे डोके पोकळीत येईल असा जाड पाइप क्रँकखाली उभा टेकवून एकच दणदणीत घाव. आधार नसताना ठोकले तर मार बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस फिरतो तो भाग) छर्ऱ्यांवर बसतो आणि पिनही वाकते. वाकली, तर ड्रिलशिवाय निघत नाही.