एकाच सालच्या दोन वास्तू

केपटाऊनमध्ये पहिल्या दिवशी मी किल्ला सोडून कर्स्टनबॉशच्या बागेत गेले, एक कुंपण बघायला. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ साली यान फान रीबेकला इथे धाडलं, ते येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी आणि मांस मिळावं म्हणून. मळे वाढत गेले, इथल्या मूळच्या खोईखोई लोकांची कुरणं गेली. मग त्यांना आणि त्यांच्या गुरांना अडवायला १६६० मध्ये कडू बदामाची रोपं लावली. त्यातली काही झाडं अजून तग धरून आहेत. जाड फांद्या जमिनीवर लोळून पुन्हा वर उठलेल्या.

तिथून स्टेलेनबॉशला. कंपनीचा इथला प्रमुख सायमन फान देर स्टेल याने १६७९ मध्ये वसवलेलं, केपटाऊनखालोखाल जुनं गाव. डॉर्प स्ट्रीटवर ओकची सावली, कडेने वाहणारे पाण्याचे पाट आणि पांढऱ्याशुभ्र भिंती. चुना शिंपले भाजून केलेला असायचा. इतका देखणा रस्ता मी क्वचितच पाहिलाय. टुलबाख गावचा चर्च स्ट्रीटही सुंदर. १९६९ च्या भूकंपात पडझड झालेली तिथली घरं पुन्हा जशीच्या तशी उभी केली आहेत.

परतल्यावर केपटाऊनच्या स्लेव्ह लॉजसमोर उभी राहिले. कंपनीच्या गुलामांना कोंडायची ही इमारत, मुळात बाहेरच्या बाजूला खिडकीच नसलेली. बांधकामाचं साल वाचलं: १६७९. ज्या वर्षी ते देखणं गाव वसलं, त्याच वर्षीचं हे.

जवळच्या चर्च स्क्वेअरमध्ये काळ्या ग्रॅनाइटचे ११ ठोकळे आहेत, गुलामांच्या स्मरणार्थ. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटं आणि भारतातूनही माणसं इथे आणून विकली गेली. नाव मालकाच्या मर्जीचं, पुढे 'फान बेंगालेन', 'फान मालाबार', म्हणजे बंगालचा, मलबारचा. काहींना नुसतं महिन्याचं नाव मिळालं. सप्टेंबर, फेब्रुवारी ही आजही केपमधली आडनावं आहेत. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे राबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टेलेनबॉशची गाडी पकडली. एका घराबाहेर बांधणाऱ्या मालकाचं नाव आणि साल लिहिलं होतं. चुना कोणी भाजला, भिंत कोणी रचली, ते शोधत मी डॉर्प स्ट्रीट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.