६८ आलं तर ६८च लिही

सोलापुरात इंजिनिअरिंग केलेल्यांना ‘जीटी’ सांगायला नको. बाकीच्यांसाठी: दोन खुर्च्यांवर काच, खाली बल्ब, काचेवर सीनियरची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि रात्रभर गिरवायचं. ग्लास ट्रेसिंग. एप्रिलअखेरच्या उकाड्यात बल्बची धग तोंडावर घेत सेमिस्टरभराच्या शीट मी दोन रात्रींत उरकल्यात. घामाचा थेंब पडला की शीट गेली.

प्रॅक्टिकलचंही तेच. यूटीएमपुढं, म्हणजे रॉड ताणून तोडायच्या मशीनपुढं तिघं, मागं सतरा. रॉड तुटल्याचा आवाज आला की संपलं. रीडिंग? पुस्तकात स्टीलचा यंग्ज मोड्युलस, म्हणजे ताणाला धातू किती दाद देत नाही त्याचं माप, २०० गिगापास्कलच्या आसपास. तिथून उलटं गणित करत मागं यायचं. माझं उत्तर १९८. दोन कमी मुद्दाम, खरं वाटावं म्हणून. टर्मवर्कला २५ पैकी २३.

इथं जर्मनीत, आखेनला, तोच प्रयोग पुन्हा वाट्याला आला. पण मशीनला हात लावण्याआधी ‘आन्टेस्टाट’, म्हणजे तोंडी चौकशी. जमली नाही तर घरी जा, दुसरी तारीख घे. मला विचारलं, “रॉड किती ताणला, कुठं मोजणार?” मी म्हटलं, मशीनच्या रीडिंगवर. गृहस्थ नुसता हसला आणि जाऊ दिलं.

मोड्युलस आला ६८. हा तर जवळपास ॲल्युमिनियमचा! खोलीवर येऊन सवयीनं २०५ लिहून टाकलं. चार दिवसांत रिपोर्ट परत: “ग्राफचा उतार आणि हे उत्तर जुळत नाही. मूळ डेटा माझ्याकडेही आहे.” कान लाल झाले.

दुसऱ्यांदा ६८च ठेवलं आणि कारण शोधलं. रॉड जबड्यात जरा घसरतो, मशीनचा सांगाडाही थोडा ताणला जातो, आणि ते सगळं मी रॉडच्या खात्यावर मांडलं होतं. म्हणून एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे ताण किती लांबला ते मोजायचं उपकरण, थेट रॉडवरच लावतात. हे लिहिल्यावर पास. इथल्या लॅबला मार्क नाहीतच. पण पास झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

हे जर्मन कौतुक नव्हे. इथं एका गटात चौघं असतात. सोलापूरच्या आमच्या सरांनी साठ पोरांची अशी चौकशी एका मशीनवर घेतली असती, तर दिवाळी उजाडली असती. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायच्या देशांमधल्या कराराचा, कायम सदस्य झाला, पोराला काय येतं ते मोजा असं ठरलं. चुलतभाऊ सांगतो, सर आता सीओ-पीओच्या, म्हणजे कोर्सनं आणि पदवीनं पोराला काय यायला हवं त्याच्या, एक्सेलमध्ये बुडालेत.

मामाचा यंत्रमाग आहे, टॉवेलचा. फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, “नवा पोरगा आला की मी मागात एक बिघाड करून ठेवतो, म्हणतो चालू कर.”

“आणि नाही झाला तर?”

“आधी हात कुठं घालतो, ते बघतो की बे.”

यंदा मी त्याच लॅबमध्ये हिवी आहे, म्हणजे पगारी मदतनीस विद्यार्थी. मंगळवारी चौघं येणार आहेत. एक्स्टेन्सोमीटर कपाटातच ठेवणार आहे. मागतात का बघू.