पायपेटी आणि एचटी-टू

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी फोन आला तेव्हा पलीकडून सांगितलं, की सर फायटर विमानाच्या दोन गोष्टी लिहून द्या, पोट्ट्यांना आवडतात. आता काय सांगू राजेहो, फायटर मी आयुष्यात उडवलं नाही. मी ट्रान्सपोर्टवाला, मालवाहू माणूस. आणि एवढ्या वर्षांतलं उडणं आठवायला बसलो की डोळ्यासमोर जे येतं ते तर त्याहूनही साधं, दोन सीटचं, चार सिलिंडरचं, पुढं लाकडी खेळण्यासारखा पंखा फिरवत ताशी दोनशे किलोमीटरला धापा टाकणारं एक ट्रेनर विमान, एचटी-टू. आणि ते आलं की त्याच्या मागून आपल्या शाळेची पायपेटी, पायानं भाता मारून वाजवायचं हार्मोनियम, येते. डोक्यानं दोन्ही एकाच डब्यात ठेवलंय, वेगळं काढता येत नाही, म्हणून दोन्हीबद्दलच लिहितो, चालवून घ्या.

माझी 71 ची मॅट्रिक बॅच, म्हणजे जुनी अकरावी. सातवीत असताना संगीताच्या बाईंनी मला प्रार्थनेच्या पायपेटीवर बसवलं ते काही माझ्या हातात सूर होता म्हणून नाही. वर्गात माझे पाय सगळ्यात लांब होते, पायडलपर्यंत नीट पोचायचे, बस एवढंच क्वालिफिकेशन. आजच्या पोरांनी हातपेटीच पाहिली असेल. तिच्यात एक हात भात्यावर अडकतो. पायपेटीत भाता पायाखाली, दोन पायडल, डावा उजवा डावा उजवा असं मारत राहायचं आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे. ऐकायला सोपं वाटतं. पण हातांनी अवघड जागा आली की पाय थांबतात, किंवा घाबरून दोन्ही एकदम दाबले जातात, मग सूर आधी फुगतो आणि नंतर मरतो, आणि पाचशे पोरांची प्रार्थना अर्ध्यात लटकते. बाई मागून ओरडायच्या, "अरे पाय झोपले का तुझे?" असं चार वर्षं रोज सकाळी. पेटी मला शेवटपर्यंत धड वाजवता आली नाही, पण पाय जागे राहायची सवय मात्र लागली.

विमानाचं वेड वेगळीकडून आलं. बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. 1949 पासून नागपूरला रात्रीची टपाल विमानं यायची, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी निघून मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र जमायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. झिरो माईलचा दगड सोडला तर देशाच्या मधोमध असल्याचा आपल्याला एवढाच काय तो फायदा झाला, असं बाबा म्हणायचे. एकदा थंडीत, मी आठ-नऊ वर्षांचा असेन, ते मला सायकलच्या दांड्यावर बसवून वर्धा रोडनं घेऊन गेले. तेव्हा तो रस्ता म्हणजे काळाकुट्ट अंधार, दोन्हीकडं झाडं. विमान दिसायच्या आधी आवाज आला, घुं घुं करत, एकसारखा नाही, दोन इंजिनांचे सूर एकमेकांशी भांडल्यासारखा, मग अंधारातून दिवे. डाकोटा होतं. जेटचा आवाज कानावर आदळतो, पंख्याच्या विमानाचा पोटात उतरतो, निदान माझ्या तरी उतरला. दुसऱ्या दिवशी वर्गात झोपलो आणि छडी खाल्ली, कुणाच्या हातची ते लिहीत नाही.

पुढं सायन्स कॉलेज, एनसीसीची एअर विंग, ग्लायडर, बाल्सा लाकडाची मॉडेलं, फ्लाइंग क्लबच्या विमानाकडं कुंपणाबाहेरून टकमक बघणं, हे सगळं त्या वयातल्या वेड्या पोरांचं असतं तसंच. मग मैसूरला एअरफोर्सचं सिलेक्शन बोर्ड. तिथं तेव्हा पीएबीटी नावाची टेस्ट असायची, पायलट व्हायची लायकी तपासणारी, आणि ती आयुष्यात एकदाच देता यायची, नापास झालात तर बाकी काहीही बना, पायलट नाही. त्यात एक मशीन होतं. खुर्चीत बसायचं, हातात स्टिक, पायाखाली दोन पायडल, समोर प्रकाशाचा एक ठिपका सारखा पळून राह्यलेला आणि त्याला चौकोनात धरून ठेवायचं. एका दिशेला स्टिक, दुसऱ्या दिशेला पाय. माझ्या आधीचा दणकट, फाडफाड इंग्रजी बोलणारा पोरगा घामाघूम होऊन बाहेर आला तेव्हा माझं तर तिथंच अर्धं अवसान गेलं. मी बसलो, पायडलवर पाय ठेवले आणि बुटांना ते ओळखीचं वाटलं. खोटं नाही सांगत. ठिपका पळत होता, पण पाय आपोआप डावा उजवा चालत होते, डोकं फक्त हातांकडं द्यायचं होतं. पास झालो.

ट्रेनिंगसाठी बिदर. नागपूरहून सिकंदराबाद, तिथं गाडी बदलायची. लाल माती, बहामनी किल्ला, आणि हँगरसमोर ओळीनं उभी एचटी-टू. शेपटीखाली छोटं चाक, त्यामुळं नाक आभाळाकडं. बसल्यावर समोर इंजिनाशिवाय काही दिसत नाही, म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवत नेताना, सापासारखं नागमोडी जायचं, एकदा डावीकडून डोकवायचं, एकदा उजवीकडून.

या विमानाची कुळकथा मला तिथं गेल्यावर कळली, आणि याचा मला आजही राग येतो की शाळेत कुणी सांगितली नाही. ते डिझाइन केलं डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी, आपला कोल्हापूरकडचा माणूस. 1930 च्या दशकात जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडं पीएचडी केली. वरच्या वर्गात एरोडायनामिक्स शिकाल तर बाउंडरी लेयर येईल, पृष्ठभागाला लागून वाहणारा हवेचा पातळ थर, तो शोधणारे हे प्रांटल. मग बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घाटगेंनी एचटी-टू बनवलं. ऑगस्ट 1951 मध्ये पहिल्यांदा उडालं, टेस्ट पायलट कॅप्टन जमशेद मुन्शी. स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झालेली, देशात सुई बनते की नाही असं लोक विचारायचे तेव्हा. इंजिन मात्र इंग्लंडचं, सिरस मेजर, 155 हॉर्सपॉवर, आजच्या बऱ्यापैकी मोटारीत असतं तेवढंच. दीडशेहून जास्त विमानं बनली, घानाच्या एअरफोर्सला बारा दिली. त्याआधी आपल्याकडं शिकवायला टायगर मॉथ होतं, 1931 चं, दोन मजली पंखांचं, उघड्या कॉकपिटचं. बिदरनंतर आम्ही ज्या किरण जेटवर गेलो तेही घाटगेंच्याच हाताखाली झालेलं. म्हणजे चालायला आणि पळायला, दोन्ही मला एकाच माणसानं शिकवलं म्हणा, भेट कधी झाली नाही ती गोष्ट वेगळी.

आता पायांचं. जेटमध्ये पाय बऱ्यापैकी आराम करतात. पंख्याच्या विमानात तसं चालत नाही. पावर वाढवली की पंख्यामागची हवा गोल फिरत येऊन शेपटीला एका बाजूनं ढकलते, नाक पळतं, पाय द्या. टेकऑफला शेपटी उचलली की फिरता पंखा भोवऱ्यासारखा वागतो, नाक परत पळतं, परत पाय द्या. पावर कमी केली, आता दिलेला पाय काढा. आणि लँडिंगला तर विचारूच नका, कारण अशा विमानाचं वजन पुढच्या चाकांच्या मागं असतं, त्यामुळं जमिनीवर थोडंसं वाकडं झालं की मागचा भाग पुढं यायला बघतो, बैलगाडी उलटी ढकलत नेऊन बघा एकदा म्हणजे कळेल. सरळ ठेवायचं काम दोन पायांचं, तेही धाडकन नाही, इतकं हलकं की बाहेरून बघणाऱ्याला दिसू नये.

माझे इन्स्ट्रक्टर पंजाबचे, कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते इंजिनाच्या वर ऐकू जायचं. तिसऱ्या का चौथ्या सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, टर्न मारताना समोरच्या यंत्रातला बॉल एका कोपऱ्यात जाऊन बसला, म्हणजे विमान तिरकं घसरून राह्यलं होतं, तर कानात आवाज आला, "पाँव सो गये क्या?" मी हसलो. खरंच हसलो, ऑक्सिजन कमी पडला की काय असं त्यांना वाटलं असेल, एवढ्या कमी उंचीवर. खाली उतरल्यावर विचारलं का हसलास, मी पायपेटी सांगितली, त्यांना कळेना, शेवटी गुरुद्वाऱ्यातल्या बाजाची मोठी बहीण असं काहीतरी म्हटलं तेव्हा त्यांनी मान हलवली. त्यानंतर माझं नाव "हार्मोनियम" पडलं आणि मी रिटायर होईपर्यंत चिकटलं.

सोलोचा, म्हणजे पहिल्यांदा एकट्यानं उडायचा दिवस सगळ्यांना आठवतो म्हणतात, मला तुकड्यातुकड्यात आठवतो. सर उतरले, त्यांच्या रिकाम्या सीटचे पट्टे बांधून टाकले म्हणजे कंट्रोलमध्ये अडकू नयेत, खांद्यावर एक थाप, आणि पाठ वळवून चालायला लागले, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. एक माणूस कमी झाल्यानं विमान उड्या मारत वर गेलं. एका बाजूला किल्ला, लांब मांजरा नदीची चकाकी, आणि मी एकटाच मोठ्यांदा प्रार्थना म्हणून राह्यलो, शाळेचीच. पहिलं लँडिंग छान झालं, तीन चाकं एकदम टेकली.

म्हणून गर्व झाला आणि तिसऱ्या सोलोला फळ मिळालं. आडवा वारा होता, टेकलो नीट, आता झालं म्हणून पाय ढिले सोडले, आणि शेपटी निघाली फिरायला. गोल फिरून रनवेच्या बाजूच्या गवतात, आलो तिकडंच तोंड करून उभा. पंखाचं टोक घासलं, बाकी काही नाही. चूक शंभर टक्के माझी, विमान बिचारं ज्या नियमानं वागतं त्याच नियमानं वागलं. सर आले, टोक बघितलं, माझे बूट बघितले, आणि संध्याकाळी मला विमानाभोवती पॅराशूट पाठीवर घेऊन फेऱ्या मारायला लावल्या, किती ते मोजणं दहानंतर सोडलं.

पुढं नशीबानं मला डाकोटाच मिळालं, बाबांच्या सायकलवरून पाहिलेलं. डाकोटालाही शेपटीखाली चाक, तिथंही पाय जागे लागतात, त्यामुळं एचटी-टूचं शिक्षण वाया गेलं नाही. एकदा रात्री सोनेगावला उतरलो तेव्हा टपालाची विमानं केव्हाच बंद झाली होती. बाबा रिटायर होऊन घरी होते. सकाळी घरी गेलो तर म्हणाले, अडीच वाजता तूच होतास ना, आवाज आला. अडीच वाजता मीच होतो.

एचटी-टू हळूहळू गेलं, त्याच्या जागी एचपीटी-32 आलं, ते 2009 मध्ये अपघातांनंतर जमिनीवर बसवलं, त्यात ओळखीची पोरं गेली, त्याबद्दल इथं लिहीत नाही. मग स्वित्झर्लंडचं पीसी-7 आलं. एअरफोर्सनं काही जुनी विमानं उडती ठेवलीत हे मात्र फार बरं केलं. टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे, आणि परशुराम नावाचं डाकोटा, त्याच्यावर व्हीपी 905 नंबर घातलाय, 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला शीख रेजिमेंटचे जवान उतरवलेल्या विमानाचा. हार्वर्डचा आवाज ऐकायची संधी मिळाली तर सोडू नका. नऊ सिलिंडरचं गोल इंजिन, नऊ फुटी पंखा, टेकऑफला त्याच्या पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाच्या अगदी जवळ जातात म्हणून तो फाटल्यासारखा कर्कश सूर निघतो, हिंडनला परेडच्या वेळी ऐकला तर बाजूचं लहान पोरगं कानावर हात ठेवून रडायला लागलं आणि मीपण, वेगळ्या कारणानं.

मागं बंगलोरला एचएएलच्या म्युझियममध्ये गेलो होतो, तिथं एचटी-टू ठेवलंय. चकचकीत रंग दिलेला, बाजूला पाटी, हात लावू नका. शाळेची सहल आलेली, पोरं त्याच्या पुढून सरळ मोठ्या विमानांकडं पळाली. मी जरा वेळ उभा राहिलो. कॉकपिटमध्ये वाकून पायडल बघावे असं फार वाटत होतं, झिजले असतील तर कुठं झिजलेत ते. गार्डनं बघितलं आणि मी सरकलो.

आता एक काम आहे, ते सांगून थांबतो. आपली पायपेटी शेवटची पाहिली ती बारा-तेरा वर्षांपूर्वी, जिन्याखालच्या खोलीत, भात्याचं कापड फाटलेलं, वर जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, पण डावं पायडल दाबलं तर हलत होतं. महोत्सवाच्या निमित्तानं साफसफाई सुरू आहे असं ऐकलं. ती भंगारात जाणार असेल तर आधी मला फोन करा. गाडी घेऊन येतो.